पुस्तकांना माणूस हवा : हसनाबादच्या रोजनिशीतील काही पाने

12 ऑगस्ट 2024, सोमवार

आज राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून तो पाळतात. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्या सूत्रांचं सार एवढंच, की पुस्तक वापरासाठी असतं, प्रत्येक वाचकाचं कुठलं तरी पुस्तक असतं आणि प्रत्येक पुस्तकाचा कुणी तरी वाचक असतो. या दोघांची गाठ घालून देणं हे ग्रंथपालाचं काम.

सकाळी शाळेत जाऊन ग्रंथपाल सरांना गुलाबाचं फूल दिलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "सर, हा माझा शेवटचा. 30 सप्टेंबरला अठ्ठावन्न पूर्ण होतायत."

माझी उभी नोकरी याच शाळेत मराठी शिकवण्यात गेली. निवृत्त झालो तरी पाय ग्रंथालयाकडेच वळतात. मुख्याध्यापकांना विचारलं, यांच्या जागी कोण येणार? ते म्हणाले, "पद अर्धवेळ आहे. ते पुन्हा भरायला मान्यता मिळेल अशी चिन्हं नाहीत. शिक्षकेतर भरती किती वर्षं रखडलीय, तुम्हाला ठाऊकच आहे."

माणूस निवृत्त झाला की पदही मावळतं. कुणाला कामावरून काढलं नाही, त्यामुळे मोर्चा नाही की पेपरात बातमी नाही. सरकारी भाषेत याला पद व्यपगत होणं म्हणतात. ठरवलंय, हे गप्प बसून होऊ द्यायचं नाही.

15 ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. विषय नेहमीचेच होते, घरकुलाची यादी, पाणंद रस्ता, गटारी. ऐनवेळच्या विषयात हात वर केला आणि ग्रंथपालाचा विषय मांडला. मागून एक तरुण म्हणाला, "काका, आता समदं मोबाइलात हाय. ग्रंथपाल कामून पाहिजे?"

त्याला विचारलं, "तुझ्या मोबाइलात पुस्तकं किती आहेत?" तो गप्प झाला. मग एका आजोबांनी उत्तर दिलं. त्यांची नात आठवीत आहे. ते म्हणाले, "पाण्यानं भरलेली हीर हाय, पर दोर-पोहरा नसला तं प्यायाचं कसं? पोरी काय आत उड्या मारत्यान का?" पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही. शाळेतलं ग्रंथपालाचं पद भरावं, असा ठराव एकमताने झाला.

सभा संपल्यावर सरपंचताईंनी बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "सर, ठराव दिला, पण पंचायतीतून पगार देता येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधीसुद्धा पगारावर खर्च करायला मनाई आहे." खरं आहे ते. कपाट, टेबल, पंखा, पुस्तकं हे सगळं पंचायत देऊ शकते. माणूस द्यायचा तर तो शासनालाच द्यावा लागेल.

21 ऑगस्ट, बुधवार

ग्रंथपाल नेमकं करतात काय, हे शासनाला द्यायच्या निवेदनात लिहायचं तर आधी डोळ्यांनी पाहावं म्हणून आज मधल्या सुट्टीच्या आधीपासून त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

नवीन पुस्तकांचा गठ्ठा सोडलेला होता. आधी बिलाशी पडताळणी, मग दाखल नोंदवहीत क्रमांक, लेखक, किंमत, पानं. शाळेचा शिक्का शीर्षक पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर. मग वर्गांक. मराठी साहित्याचा ड्यूई दशांश पद्धतीतला आकडा 891.46. तो त्यांनी बारीक अक्षरात चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी कण्यावर चिकटवली आणि वरून पारदर्शक पट्टी ओढली. कपाटाच्या कोपऱ्यात डांबर गोळ्या, खालच्या फळीला वाळवीचं औषध. 'किशोर'चे जुने अंक वर्षवार बांधून ठेवलेले. 1971 पासून निघणारं हे मासिक खेड्यातल्या किती तरी मुलांचं पहिलं अवांतर वाचन आहे. या खोलीतही सर्वांत जास्त चुरगळलेली पानं त्याच गठ्ठ्यांतली.

सुट्टीची घंटा झाली आणि खोली भरली. नववीतला एक मुलगा दारातच घुटमळत होता. वर्गात कधी तोंड न उघडणारा. सरांनी त्याला पुस्तकाचं विचारलंच नाही. विचारलं, "कपाशी कशी हाय?" तो म्हणाला, "बोंडअळी पडती का काय, आबा म्हन्तेत." सरांनी परभणीच्या कृषी विद्यापीठाची कपाशीवरची पुस्तिका काढून दिली. तिच्यात कामगंध सापळ्यांचं चित्र होतं. "आबाला वाचून दाखव. मोठ्यानं." पोरगा पान उलटत उलटत गेला. तो गेल्यावर सर म्हणाले, "आता पुढल्या आठवड्यात याला महानोरांचं काही तरी देतो. पळसखेडच्या शेतकऱ्यानं लिहिलंय म्हटलं की घेईल."

वाचनसंस्कृतीवर मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली. पण मुलाच्या रानापासून त्याच्या हातातल्या पुस्तकापर्यंतची वाट कशी पाडतात, ते आज पाहिलं. त्यासाठी तो मुलगा कोणत्या शिवारातून येतो, घरी कोण वाचतं, कोण वाचत नाही, हे माहीत असावं लागतं. कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार?

आणि हे सगळं अर्ध्या पगारात. शिवाय पाठ्यपुस्तकांचं वाटप, शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायस या संकेतस्थळावर शाळेची माहिती भरणं ही कामंही त्यांच्याच टेबलावर येतात.

2 सप्टेंबर, सोमवार, पोळा

कालपासून पाऊस थांबायला तयार नाही. गिरजा नदी फुगलीय. साऱ्या मराठवाड्यातून अतिवृष्टीच्या बातम्या येतायत. बैलं ओल्या अंगानेच मिरवली. दुपारनंतर घरात बसून निवेदन लिहायला घेतलं.

कागद समोर मांडले की घोळ कुठे आहे ते दिसतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं असतील. गोष्टींची पुस्तकं असा वेगळा उल्लेख कायद्याने केला, याचा मला फार आनंद वाटतो. पण त्या यादीत ग्रंथपाल नाही. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदान ठेवलंय. तेही पुस्तकांसाठी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तर ग्रंथपाल हे पदच नाही.

खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांत पद आहे, पण ते पटाला बांधलेलं. जुना निकष सांगायचा तर पाचशेच्या वर विद्यार्थी असतील तर अर्धवेळ ग्रंथपाल, हजाराच्या वर गेले तर पूर्णवेळ. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या आकृतिबंधावर, म्हणजे कोणती पदं किती असावीत यावर, वर्षानुवर्षे नुसता खल चालला. 28 जानेवारी 2019 ला सुधारित आकृतिबंधाचा शासन निर्णय निघाला. 11 डिसेंबर 2020 च्या निर्णयाने शिपायांची नियमित पदं जाऊन त्या जागी भत्ता आला, ग्रामीण भागातल्या शाळेला महिना पाच हजार रुपये. त्या दिवशी शाळेची घंटा देणारा माणूस हिशेबातून गेला. आता पुस्तकं देणाऱ्याची पाळी.

पूर्णवेळ ग्रंथपालासाठीचा हा हजाराचा आकडा खेड्यातली शाळा गाठणार कशी? आमचा पट सातशेच्या आसपास. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं गळतात. बरी परिस्थिती असलेले आपली मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. शहरातली मोठी शाळा हजार सहज ओलांडते. तिच्या आसपास पुस्तकाचं दुकान असतं, सार्वजनिक वाचनालय असतं, घरात एखादं कपाट असतं. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना पाठ्यपुस्तकाखेरीजचं पहिलं पुस्तक शाळेतच हाताला लागतं. ज्याची गरज जास्त, त्यालाच निकष नाकारतो. निवेदनाचा गाभा हाच ठेवला.

8 सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मंडळाची पोरं आज घरी आली होती. त्यांना ग्रामसभेतलं कळलं होतं. म्हणाली, "सर, यंदा डीजे नाही. ते पैसे ग्रंथालयाला देऊ. पुस्तकं घेऊ."

त्यांचं मन मोठं आहे. पण मी म्हणालो, पुस्तकं आहेत रे. माणूस जातोय. मग त्यातला एक म्हणाला, आपणच वर्गणी काढून कुणाला तरी महिना मानधन देऊ. यावर बराच वेळ बोललो. गावाने एक वर्ष दिलं, दोन वर्षं दिलं, तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला की पहिली कात्री तिथेच लागणार. शिवाय गाव देतंय म्हटल्यावर शासनाची जबाबदारी संपली असाच अर्थ काढला जाईल. शेवटी ठरलं, की मंडळाचे पैसे बसायच्या सतरंज्या आणि दिव्यांसाठी घ्यायचे आणि आरतीनंतर रोज निवेदनावर सह्या घ्यायच्या. कागद मांडवातच ठेवलाय.

11 सप्टेंबर, बुधवार

राजूरमार्गे एसटीने जालन्याला गेलो. वाटेत राजुरेश्वराच्या टेकडीला गाडीतूनच हात जोडले. शिक्षण विभागाच्या कार्यालयात निवेदनाची आवक नोंद झाली, पोच मिळाली. एका टेबलावरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, तुमचं म्हणणं पटतं. पण निकष मंत्रालयात ठरतात. आम्ही फक्त 30 सप्टेंबरचा पट पाहतो. त्यावर संच मान्यता, म्हणजे शाळेतली मंजूर पदं ठरतात."

माणूस चांगला होता. पण पूर्ण व्यवस्था एका आकड्याकडे पाहते, हे त्याच्या बोलण्यातून स्वच्छ कळलं. ग्रंथालयातून किती पुस्तकं बाहेर गेली, कोणत्या इयत्तेतल्या मुलांनी नेली, मुलींनी किती नेली, हा आकडा कुणी मागतच नाही. तो देवघेव रजिस्टरात रोज लिहिला जातो आणि तिथेच पडून राहतो. उद्यापासून सरांबरोबर बसून गेल्या काही वर्षांची देवघेव इयत्तावार मांडायची. पुढचं निवेदन त्या तक्त्यासह जाईल.

17 सप्टेंबर, मंगळवार, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

सकाळी ध्वजारोहण, संध्याकाळी विसर्जन. आज मुलांपुढे बोलायला बोलावलं होतं. मुक्तिसंग्राम म्हटलं की बंदुका आणि सत्याग्रह एवढंच मुलांना ठाऊक असतं. मी त्यांना वाचनालयांबद्दल सांगितलं.

निजामी राजवटीत मराठी मुलाला वरचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागे. सभेला परवानगी लागे. गश्ती निशाण 53 या फर्मानाचं नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. अशा काळात गावोगावी निघालेलं मराठी वाचनालय ही एकत्र जमायची आणि आपल्या भाषेत विचार करायची जागा होती. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला झालं, आज ते आपल्याच जालना जिल्ह्यात आहे. त्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी शाळा आणि वाचनालयं हा चळवळीचाच भाग मानला, कारण वाचणारा माणूस प्रश्न विचारतो हे त्यांना माहीत होतं.

भाषण संपल्यावर सातवीतली एक मुलगी जवळ आली. "सर, मंग आता आपलं वाचनालय बंद पडलं तर?" तिला म्हणालो, बंद पडू द्यायचं नाही. तू तुझ्या आईची सही आण. ती म्हणाली, "आईला सही येत नाही, अंगठा चालंल का?" चालेल म्हणालो. खरं तर त्या अंगठ्याचं मोल सर्वांत जास्त आहे.

22 सप्टेंबर, रविवार

पैसे नाहीत हे उत्तर पुढे येणारच, म्हणून आज इतरांनी काय केलं ते टिपून काढलं.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. त्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. बोर्डननी आधी माणसं तयार करायचे वर्ग काढले. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यापाड्यांत फिरवणारी ग्रंथालयं उभी राहिली. पुस्तकं पाठवायची तर ती हाताळणारा शिकलेला माणूस आधी हवा, हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी राजाने ओळखलं होतं.

स्वातंत्र्यानंतर 1952-53 मध्ये मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत प्रशिक्षित ग्रंथपाल असावा आणि त्याला शिक्षकाच्या बरोबरीचा मान आणि वेतन मिळावं अशी शिफारस केली. आज केंद्र सरकारच्या केंद्रीय विद्यालयात आणि नवोदय विद्यालयात ग्रंथपालाचं पद आहे. म्हणजे त्याची गरज शासनाला मान्य आहे. मग जी मुलं नवोदयच्या परीक्षेत निवडली जात नाहीत, त्यांना ती गरज नसते का?

बाहेरच्या जगातही हीच ओढाताण चालू आहे. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणं नियमाने बंधनकारक आहे, शाळेत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात 2023 साली अनेक शाळांतल्या ग्रंथपालांची पदं गेली. वर्गात गडबड करणाऱ्या मुलांना त्या ग्रंथालयांच्या खोल्यांत बसवायची व्यवस्था झाली. पालक आणि मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर आली. त्याच देशात कोलोरॅडो राज्यातल्या शाळांचा अभ्यास कीथ करी लान्स यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केला होता. ग्रंथालयात पुरेसे कर्मचारी आणि पुस्तकं असतील तिथे मुलांचे वाचनाचे गुण चांगले आढळले, आणि गरिबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही हे टिकलं. हा मुद्दा पुढच्या निवेदनात ठळक अक्षरांत घातलाय. गरीब वस्तीतल्या शाळेतही ग्रंथपालाचा उपयोग होतो, म्हणजे तो आमच्या शाळेतही होईल.

25 सप्टेंबर, बुधवार

आज राज्यभर शिक्षकांची सामूहिक रजा. 15 मार्चचा संच मान्यतेचा निर्णय आणि वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय, दोन्हींविरुद्ध. जालन्याच्या मोर्चात मीही गेलो. हातातल्या फलकावर ग्रंथपालाचं लिहिलं होतं. तो वाचून दुसऱ्या तालुक्यातल्या एक बाई जवळ आल्या. त्याही अर्धवेळ ग्रंथपाल. म्हणाल्या, "सर, मोर्च्यात आमच्यासाठी कुणी फलक धरलेला मी पहिल्यांदा पाहतेय. शाळेत आम्ही एकच असतो. शिक्षकांची संघटना मोठी, कारकुनांचीही असते. आमच्यासाठी स्टाफरूममध्ये बोलायला दुसरं कुणी नसतं."

हे पद अलगद का जातं, त्याचं एक कारण हेही आहे. म्हणून या कामात शिक्षकांनी आणि पालकांनी पुढे व्हायला हवं. बाईंचा निरोप घेताना एवढंच म्हणालो, की यापुढे तुमच्या तालुक्यातली नोंदही आमच्या तक्त्यात घेऊ.

30 सप्टेंबर, सोमवार

पटाची तारीख आणि सरांचा शेवटचा दिवस एकच आला. सकाळी वर्गावर्गात हजेरी मोजली जात होती. तेव्हा सर ग्रंथालयात दाखल नोंदवही उघडून नव्या प्रभारींना एकेक कपाट ताब्यात देत होते. प्रभारी म्हणजे विज्ञानाचे शिक्षक. गुणी आहेत, कष्टाळू आहेत. पण आठवडाभर त्यांच्या तासिका भरलेल्या, त्यात दहावीची प्रात्यक्षिकं. ते कळवळून म्हणाले, "सर, मी शनिवारी मधल्या सुट्टीत उघडीन. त्याहून जास्त जमणार नाही." त्यांना काय बोलणार?

फाटलेल्या पुस्तकांची यादी वेगळी, हरवलेल्यांची वेगळी. मुलांकडे असलेल्या पुस्तकांची यादी सरांनी शाईने लिहून दिली. त्यात बोंडअळीची पुस्तिका नेणारा तो मुलगाही होता. त्याच्या नावापुढे आता महानोरांचा कवितासंग्रह लिहिलेला. सरांनी शब्द पाळला.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ. सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही. मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात मागच्या भिंतीचं कपाट ओलं होतं, तेवढं पुढं ओढून घ्या."

4 ऑक्टोबर, शुक्रवार

काल केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. चौकात पेढे वाटले. मीही आनंदाने खाल्ले. गाथासप्तशती आणि लीळाचरित्रासारखे ग्रंथ ज्या भाषेच्या वारशात आहेत तिला हा मान मिळायलाच हवा होता.

रात्री मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. या दर्जाबरोबर संशोधनाला, अध्यासनांना निधी येईल. तो यावाच. पण भाषा वाढते ती दहा-बारा वर्षांच्या वयात. त्या वयात मुलाच्या हाती त्याचं पुस्तक ठेवणारा माणूस शाळेत असेल, तर या भाषेला पुढच्या पिढीत वाचक मिळतील. अभिजात मराठीच्या निधीतला एक वाटा शाळांच्या ग्रंथपालांसाठी राखून ठेवावा, अशी विनंती केली. गावातल्या सह्या आणि अंगठे सोबत जोडले.

15 ऑक्टोबर, मंगळवार, वाचन प्रेरणा दिन

डॉ. कलामांच्या जयंतीचा हा दिवस शाळेत साजरा झाला. मुलांनी अर्धा तास पटांगणात बसून वाचलं. छान वाटलं. शनिवारखेरीज आज पहिल्यांदाच कपाट उघडलं होतं. वर्षातून एक दिवस प्रेरणा देता येते. ती टिकवायला मात्र वर्षभर माणूस लागतो.

दुपारी विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. 20 नोव्हेंबरला मतदान. आचारसंहिता लागली, म्हणजे आता नवं सरकार येईपर्यंत फाइल हलणार नाही. पण उमेदवार गावात येतील. संध्याकाळी मंडळाची पोरं, सरपंचताई, ग्रामसभेतले ते आजोबा आणि निवृत्त ग्रंथपाल सर असे सगळे माझ्या ओट्यावर जमलो आणि तीन मागण्या पक्क्या केल्या.

एक, माध्यमिक शाळेतलं ग्रंथपालाचं पद पटसंख्येपासून मोकळं करावं, शाळा तिथे ग्रंथपाल. दोन, आज काम करणाऱ्या अर्धवेळ ग्रंथपालांना पूर्णवेळ करावं आणि निवृत्तांच्या जागा व्यपगत न करता भराव्यात. तीन, जिल्हा परिषदेच्या लहान शाळांसाठी निदान प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक प्रशिक्षित ग्रंथपाल द्यावा. तो आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत पुस्तकांची पेटी घेऊन जाईल. केंद्रांची रचना तयार आहे, गावोगावची कपाटं तयार आहेत, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेली मुलं-मुली याच तालुक्यात आहेत.

देवघेवीच्या तक्त्याच्या प्रती काढल्यात. जो कुणी मत मागायला हसनाबादला येईल, त्याच्या हातात आधी हा तक्ता द्यायचा आणि तिन्ही मागण्यांवर हो की नाही एवढंच विचारायचं. सर म्हणाले, उत्तरं मी वहीत लिहून घेईन, तारखेसह. निवडून येईल त्याच्या उत्तराची प्रत पहिल्या अधिवेशनाआधी त्याला पोचती करायची, हे कामही त्यांनीच अंगावर घेतलंय.